हुकमी डाव कसा घडतो

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून एकोणीस वर्षांच्या पोराचा प्रश्न आला आहे. लहानपणापासून मातीतली कुस्ती, आणि कॉलेजात गेल्यापासून दीड वर्ष ज्युदो. उंची पाच फूट चार इंच, वजनगट ६६ किलो. मोबाइलवर पाहून पंचवीसेक फेकी शिकला आहे. तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरला. एका लढतीत सवयीनं पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला वाकला, तर पंचांनी शिदो, म्हणजे ज्युदोतला दंड, दिला. तो विचारतो, "सर, जुने-जाणते लढणारे सगळ्यात जास्त कोणत्या डावांवर भिस्त ठेवतात? आणि त्यातला मी कोणता धरू?"

आधी सरळ उत्तर देतो, मग त्याच्या पोटात शिरू. फ्रीस्टाइल कुस्तीत एकेरी पट आणि दुहेरी पट. ज्युदोत सेओई-नागे (पाठ फिरवून खांद्यावरून फेक), उची-माता (मांडीच्या आतून पाय वर उचलून फेक) आणि ओसोतो-गारी (बाहेरून पाय अडकवून मागं पाडणं). बॉक्सिंगमध्ये पुढच्या हाताचा जॅब. कराटेच्या कुमितेत, म्हणजे लढतीत, मागच्या हाताचा ठोसा, ग्याकु-झुकी. मुए थाईत मांडीवरची लो किक आणि पोटात पाय रोवून ढकलणारी तीप. ब्राझिलियन जुजुत्सूत पाठीवर जाऊन मागून आवळलेला गळा. आपल्या कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूचा चवडा.

ही नावं वाचून तू थोडा निराश झाला असशील. यातलं एकही नाव तुला नवीन नाही. बहुतेक डाव तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच शिकवले जातात. पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. जगातले मोठे लढवय्ये ज्या डावांवर जिंकले ते गुप्त नव्हते, ते सगळ्यांना येतात. मग फरक कुठं पडतो, ते सांगायला मला माझ्या वस्तादांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे वस्ताद कपाशी-तुरीचे शेतकरी. पाच एकर कोरडवाहू, आणि मारुतीच्या देवळामागं आखाडा. आयुष्यभर ते एकाच डावावर कुस्त्या मारत आले: बाहेरची टांग, म्हणजे बाहेरून पाय अडकवून मागं पाडणं. नागपंचमीच्या दंगलीत ते उतरले की समोरच्या गावची माणसं हौद्याच्या कडेला उभी राहून आपल्या गड्याला ओरडून सांगायची, "टांग वाचव, टांग वाचव!" त्या गड्यालाही माहीत असायचं. तरी पाच-सात मिनिटांत तो टांगेवरच पडायचा. मला तेव्हा ती जादू वाटायची. पंधरा-सोळा वर्षांचा असेन, एकदा विचारलंच. त्यांनी काही सांगितलं नाही, माझं मनगट धरलं. मी ते सोडवायला मागं ओढलं आणि पुढच्या क्षणी मातीत पाठीवर होतो. मग म्हणाले, "पाह्यलं? टांग मी मंग मारली. तू त्याच्या आंधीच पडला होता. मी मनगट धरलं, तू सोडवाले मांगं ओढलं, तुया सारा भार टाचेवर गेला. आता त्या टाचेले फक्त हात... नाही, पाय लावाचा रायला."

पुढं मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ज्युदो शिकायला गेलो. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था, जिच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तिथं पहिल्या आठवड्यात तीन जपानी शब्द कानावर पडले: कुझुशी, त्सुकुरी, काके. तोल मोडणं, अंगाशी जुळणं, फेकणं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची स्थापना केली आणि फेकीचे हे तीन टप्पे मांडले. मी ऐकतच राहिलो. वस्तादांनी ज्युदोचं नावही ऐकलं नव्हतं आणि मला देवळामागच्या आखाड्यात त्यांनी हेच दाखवलं होतं.

आता तुझ्या पंचवीस फेकींकडे बघ. मोबाइलवरच्या व्हिडिओत काय दिसतं? शेवटचा एक सेकंद. माणूस हवेत आणि मग गादीवर. त्याच्या आधीची वीस-तीस सेकंदं, ज्यात त्यानं बाहीची पकड तीनदा सोडली आणि चौथ्यांदा मनासारखी घेतली, समोरच्याला दोन पावलं उजवीकडं चालायला लावलं, एक खोटी झेप टाकली, ती कापलेली असतात. म्हणजे तुला पंचवीस डाव येत नाहीत. तुला पंचवीस डावांची शेपटं येतात. हे मी तुला हिणवायला म्हणत नाही, माझ्या आखाड्यातली दहापैकी आठ पोरं आज याच ठिकाणी उभी आहेत.

आपल्याकडं 'हुकमी डाव' हा फार नेमका शब्द आहे. हुकूम केला की हजर होतो तो. जपानी लोक त्याला तोकुई-वाझा म्हणतात. ज्युदोच्या जुन्या गोक्योत, म्हणजे फेकींच्या यादीत, ४० फेकी आहेत, आणि शिक्षकाला त्या सगळ्या आल्या पाहिजेत. पण मोठ्या स्पर्धेत उतरणारा माणूस त्यातल्या दोन-तीनच घेऊन जातो. बाकीच्या शिकायच्या कशाला? समोरचा मारतो तेव्हा ओळखता याव्यात आणि दुसऱ्याला शिकवता याव्यात म्हणून.

हुकमी डाव म्हणजे एक अख्खी वाट. सुरुवात पकडीपासून. तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शंका इथंच आहे. मातीतला मल्ल ज्युदोत आला की त्याचे हात गोंधळतात. मातीत अंग उघडं असतं, पकड मनगट, कोपर, मान, काख यांवर असते. घामावर माती लागते म्हणून हात घसरत नाही. ज्युदोत जाड जॅकेट, त्याची बाही आणि कॉलर. आपली पोरं जॅकेट धरतात, पण धरून ठेवतात, जणू बैलाचा कासरा. पकड ओढायला, ढकलायला, फिरवायला असते. नुसतं लोंबकळून दोघांचीही दमछाक होते. तुझ्या तिन्ही हरलेल्या लढतींत पहिला अर्धा मिनिट तुझ्या दोन्ही हातांत काय होतं, हे आठवून पाहा. मला वाटतं तुला आठवणार नाही.

जमिनीचंही तसंच. आपल्या भागातली काळी माती आखाड्याला चालत नाही. भिजली की लगदा, वाळली की दगडासारखी ढेकळं आणि भेगा. म्हणून बाहेरून तांबडी माती आणावी लागते, चाळावी लागते, त्यात तेल-हळद-ताक घालून ती मऊ राखावी लागते. अशा भुसभुशीत मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो. गुडघ्यावर घसरत जाऊन पट काढणं तिथं अवघड, कारण माती तुला घसरू देत नाही. त्यामुळं मातीतला मल्ल हळू, जोर लावून, खांद्याला खांदा भिडवून लढायला शिकतो. मातीत वेळेची घाईही नसते, चितपट होईपर्यंत चालू शकते. गादीवर सगळं उलट. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, खाली पाडल्याचे दोन गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की खेळ तिथंच थांबतो. ज्युदोत मोठ्यांची लढत चार मिनिटांची. चार मिनिटांत वस्तादांसारखं दमवून टांग मारायला वेळ कुठला? म्हणून मी म्हणतो की डाव त्या-त्या जमिनीचा आणि त्या-त्या नियमाचा असतो. नागपंचमीला ज्या डावावर फेटा बांधून घेतलास, तो डाव डिसेंबरात विद्यापीठाच्या गादीवर तसाच्या तसा चालेल असं समजू नकोस.

पटाचं दुःख मला कळतं. तुझा खरा हुकमी डाव पट होता आणि ज्युदोनं तो काढून घेतला. २०१० पासून ज्युदोत पायाला हात लावण्यावर बंधनं यायला लागली आणि २०१३ पासून उभ्यानं पाय धरणं पूर्ण बंद झालं. खांद्यांवर आडवा उचलून फेकायचा आपला कलाजंगही त्यात गेला, कारण त्यात एक हात मांडीत जातो. तीन शिदो झाले की लढत गेली, त्यामुळं सवयीच्या हाताला आवर घालणं हे तुझं पहिलं काम. पण सगळं गेलेलं नाही. धोबीपछाड तसाच आहे, त्याला तिकडं इप्पोन-सेओई-नागे म्हणतात. बाहेरची टांग ओसोतो-गारीच्या अगदी जवळची. ढाकेत मान-हात एकत्र धरून कमरेवरून फिरवणं आहे, तेही जॅकेटवर जमतं. खाशाबा जाधवांचं नाव तुला सांगायला नको. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साताऱ्याकडचा हा मातीतला मल्ल तिकडं गादीवर लढला, आणि त्यांचा म्हणून जो डाव आजही सांगतात तो ढाक. म्हणजे मातीतला डाव गादीवर नेता येतो. त्याची पकड, पावलं आणि वेळ मात्र नव्यानं बांधावी लागतात.

यावर तू म्हणशील, सर, एकच डाव धरला तर समोरच्याला कळणार नाही का? कळेल. कळू दे. अमेरिकेचा जॉन स्मिथ हा कुस्तीगीर अगदी खाली, घोट्यापाशी जाऊन एकेरी पट काढायचा. साऱ्या जगाला माहीत होतं. तरी १९८७ ते १९९२ या काळात त्यानं चार जागतिक विजेतेपदं आणि दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. रशियाचा अलेक्सांदर कारेलिन ग्रीको-रोमन कुस्तीत पालथ्या पडलेल्या शंभर किलोहून जड माणसाला मागून कमरेत मिठी मारून उलटा उचलायचा आणि फेकायचा. १९८८, १९९२, १९९६ अशी सलग तीन सुवर्णपदकं. समोरचा गादीला चिकटून पडायचा, तरी उचलला जायचा. असा डाव बाहेरून एक दिसतो. आत त्याला दहा-बारा दारं असतात. तू डावीकडं सरकलास तर एक, मागं रेललास तर दुसरं, गुडघा आत घेतलास तर तिसरं. जॉन स्मिथचा तो एक पट म्हणजे त्याच्यासाठी शंभर परिस्थितींची उत्तरं होती.

लंडन ऑलिंपिक, २०१२. योगेश्वर दत्त, ६० किलो, डोळा सुजलेला, त्याच दिवशी लागोपाठच्या कुस्त्या. कांस्यपदकाच्या लढतीत त्यानं उत्तर कोरियाच्या मल्लाचे दोन्ही घोटे एकात एक गुंतवून धरले आणि त्याला गादीवर गोल गोल फिरवत नेलं. फितले. काही सेकंदांत निकाल. आमच्या गावात ते टीव्हीवर पाहताना सगळे उड्या मारत होते आणि मी त्या दमलेल्या माणसाच्या हातांकडं पाहत होतो. एका डोळ्यानं नीट दिसत नाही, श्वास लागलाय, आणि हात आपोआप घोट्यांवर जाऊन कुलूप लावतात. तिथं विचार करायला डोकं शिल्लक नसतं. म्हणून मी पोरांना सांगतो, जो डाव तुला ताजातवाना असताना जमतो तो अजून तुझा नाही. सहावी लढत, पाय थरथरतायत, तेव्हा जो हातातून निघेल त्यावर भिस्त ठेव.

शरीराबद्दल थोडं. आपल्या भागात माझ्याकडं जी पोरं येतात त्यांची अंगं कामानं घडलेली असतात. पाठीवर सोळा लिटरचा फवारणीचा पंप घेऊन दिवसभर कपाशीत फिरणारा पोरगा, त्याचे खांदे पुढं आलेले पण पाय लोखंडाचे. वरुड-मोर्शीकडची, संत्र्याचे कॅरेट ट्रकमध्ये चढवणारी पोरं, त्यांची कंबर उचलायला तयारच असते. कापूस वेचून आलेल्या पोरींची बोटं इतकी चिवट की बाही एकदा धरली की सुटत नाही, आणि तासन्‌तास वाकायची त्यांना सवय. अशा पोरीला मी उंच पायाची उची-माता शिकवत बसत नाही. बाहीची पकड आणि खाली शिरून सेओई-नागे, हे तिला आठ दिवसांत आपलं वाटायला लागतं. डाव निवडताना आधी अंग पाहावं, मग अंगाची खोड पाहावी.

खोडीवरून जो फ्रेझर आठवतो. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनात, खेड्यात, शेतमजुराच्या घरी वाढलेला बॉक्सर. लहानपणी घरचं डुक्कर मागं लागलं, पळताना पडला, डाव्या हाताला मार बसला आणि तो हात पुन्हा कधी पुरता सरळ झालाच नाही. कोपरात कायमचा वाकलेला. त्याच वाकलेल्या हातानं त्याचा डावा हुक घडला. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत महंमद अलीला त्यानं याच हुकनं खाली पाडलं. सरावाला त्याच्याकडं पोरपणी काय होतं? तागाचं जुनं पोतं, त्यात चिंध्या, मक्याची रिकामी कणसं, एक वीट आणि झाडावरचं शेवाळ, आणि ते पोतं झाडाला टांगलेलं. आपल्याकडं तर पोत्यांना तोटा नाही. साहित्य नाही म्हणून सराव होत नाही, हे वाक्य माझ्या आखाड्यात कोणी काढलं की मी ही गोष्ट सांगतो.

एक डाव पुरत नाही, हे मात्र तितकंच खरं. तुला पहिला डाव आणि त्याच्या उलट दिशेचा दुसरा डाव लागतो. जपानचा यासुहिरो यामाशिता डावखुरा, ओसोतो-गारीसाठी प्रसिद्ध, सलग २०३ लढती न हरलेला. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये वाटेतल्या एका लढतीत त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. डाव्या पायानं टांग मारायची तर सगळा भार उजव्यावर येणार. म्हणजे हुकमी डावाचा खांबच गेला. अंतिम लढत इजिप्तच्या महंमद रश्वानशी. यामाशितानं संधी मिळताच त्याला खाली घेतलं आणि बाजूनं दाबून धरून सुवर्ण जिंकलं. जमिनीवरची दाब हा त्याचा दुसरा दरवाजा होता आणि तो बंद पडलेला नव्हता. आपली मातीतली पोरं पाडल्यावर उठून उभी राहतात, प्रेक्षकांकडं बघतात. ज्युदोत पाठ पूर्ण लागली नसेल तर लढत तिथं सुरू होते. तुझ्याकडं कुस्तीतला खालचा जोर आहे, पालथ्या पडलेल्याच्या पाठीवर सवारी घेऊन बसणं तुला येतं. ज्युदोतल्या शहरी पोरांना तिथं भीती वाटते. हे तू वापरत नाहीस, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुझ्यासाठी. पाच फूट चार इंच, ६६ किलो, पटाची सवय. तुझं अंग खाली जायला शिकलेलं आहे, फक्त तिथं पोचून हात पायाकडं जातात. त्याच खाली जाण्यात पाठ फिरव, म्हणजे सेओई-नागे झाली. म्हणून तुझा पहिला डाव धोबीपछाड, इप्पोन-सेओई. तोशिहिको कोगा, जपानचा, १९९२ च्या बार्सिलोनात ७१ किलोत सुवर्ण, तेही गुडघा दुखावलेला असताना. त्याची इप्पोन-सेओई पाहा. पण फेक पाहू नकोस. आवाज बंद कर आणि फक्त त्याचे हात बघ, बाही कधी धरतो, कधी सोडतो, फेकीआधी समोरच्याला कोणत्या पायावर उभं करतो. एक लढत दहा वेळा बघ, दहा लढती एकेकदा बघू नकोस.

या डावाचा दुसरा दरवाजा मागं उघडतो. तू वळून शिरलास की समोरचा पोट पुढं काढून मागं रेलतो, हे ठरलेलं आहे. तो मागं रेलला की त्याचा भार टाचेवर. वस्तादांची टाच आठव. अशा वेळी पूर्ण वळू नकोस, अर्ध्यातून परत ये आणि आतून त्याच्या पायाला पाय अडकव: को-उची-गारी किंवा ओ-उची-गारी. मग त्याला पुढं राहिलं तर सेओई आणि मागं रेललं तर उची-गारी, असा पेच पडतो. आणि तो कसाबसा पोटावर पडला तर तिसरी पायरी, तुझी सवारी.

सराव कसा करायचा ते सविस्तर सांगतो, कारण इथंच माणसं चुकतात. ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब मिळव. पंक्चरवाल्याकडं फुकट मिळते. तिच्या बोटभर रुंद लांब दोन पट्ट्या कापून कडुलिंबाच्या झाडाला छातीच्या उंचीवर बांध. रोज पहाटे, शेतात जाण्याआधी, धरून शिरायचं. जपानी त्याला उची-कोमी म्हणतात. पहिले तीन आठवडे दहा-दहाचे दहा फेरे, एवढंच. प्रत्येक शिरकावात पाहायचं: तुझी पाठ सरळ आहे का, दोन्ही पावलं समोरच्याच्या पावलांच्या आत आणि एका रेषेत आली का, ट्यूब ओढणारा हात तुझ्या कानाच्या उंचीला आला का. हात छातीशी राहिला तर ती फेक होत नाही, मिठी होते. दहापैकी सातवा शिरकाव ढिला झाला तर मोजणी परत शून्यावर. मी स्वतः शंभराचा आकडा गाठायला दीड महिना घेतला होता.

त्यानंतर जोडीदार. आधी तो उभा, मग चालता. चालता फार महत्त्वाचा. उभ्या माणसाला सगळेच फेकतात. त्याला गोल चालायला लाव, आणि तो ज्या पावलावर भार टाकतो आहे त्या क्षणी शिर. पुढं त्याला सांग, तिसऱ्या हिश्शाएवढाच विरोध कर. मग अर्धा. पूर्ण विरोधाच्या कुस्त्या आठवड्यातून दोनदा, जास्त नको. आणि त्या कुस्त्यांत स्वतःला बंधन घाल की सेओई आणि उची-गारी सोडून तिसरी फेक मारायचीच नाही. तू हरशील. महिना-दीड महिना आखाड्यातल्या सगळ्यांकडून पडशील, कारण सगळ्यांना तुझा डाव कळलेला असेल. तेच हवं आहे. ते तुला अडवतील आणि प्रत्येक अडवणुकीतून एक नवं दार सापडेल. या दिवसांत बहुतेक पोरं डाव बदलतात. 'मले हा जमत नाही सर, दुसरा सांगा.' मी सांगत नाही.

सोबत एक सावधगिरी, आणि ही माझ्या चुकीतून आलेली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी एका हुशार पोराला गुडघ्यावर टेकून मारायची सेओई शिकवली. झटपट फेक, स्पर्धेत लगेच गुण. आमच्याकडं तेव्हा पातळ, दबलेल्या गाद्या आणि खाली सिमेंट. तो दिवसाला चाळीस-पन्नास वेळा गुडघ्यावर आदळत होता आणि मी मोजत होतो, थांबवत नव्हतो. त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, चालतो, शेती करतो, पण लढला नाही. तो आजही मला रस्त्यात वाकून नमस्कार करतो आणि मला त्याच्या डोळ्यांत पाहवत नाही. म्हणून तुला सांगतो, पहिलं वर्षभर उभ्यानंच मार. पाय वाकव, गुडघा टेकवू नकोस. आणि मानेचा व्यायाम सोडू नकोस. सेओई चुकली की सगळा भार तुझ्या मानेवर येतो.

अंगावर गजकर्णाचा चट्टा दिसला तर आखाड्यात उतरू नकोस, लपवूही नकोस. एकामुळं पंधरा जणांना होतो, मग महिनाभर सगळा सराव थांबतो.

अजून एक डाव आहे जो कोणी हुकमी म्हणून मोजत नाही. पडणं. उकेमी. लढत्या माणसानं आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा वापरलेलं तंत्र म्हणजे हेच, आणि आखाड्याबाहेरसुद्धा. आमच्या गावातला एक पोरगा पावसाळ्यात मोटरसायकलवरून घसरला, ओल्या डांबरावर. हनुवटी छातीला, हात बाजूला, अंग गोल. खरचटलं, एवढंच. तो ज्युदोत तालुक्यापलीकडं कधी गेला नाही, पण त्या दिवशी घरी परत आला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली मला विचारतात, सर, कोणी अंगावर आलं तर कोणता डाव? मी त्यांना आधी पडायला शिकवतो, मग धरलेलं मनगट अंगठ्याच्या बाजूनं सोडवायला, मग ओरडून पळायला. फेकायचं शेवटी, आणि तेही दुसरी वाटच उरली नसेल तर. रस्त्यावर गादी नसते, समोरचा एकटा नसतो आणि तुझी फेक त्याच्या डोक्यावर संपू शकते. हुकमी डाव आखाड्याचा. तो घेऊन भांडायला जाणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरू देत नाही.

एक वही कर. साधी, दहा रुपयांची. प्रत्येक लढत संपली की, घामही पुसू नकोस, आधी तीन गोष्टी लिही: पहिली पकड कोणाची झाली, सेओईला किती वेळा शिरलास, त्यातून काय झालं. 'हरलो' हा शब्द लिहायचा नाही, त्यानं काही कळत नाही. 'शिरलो, डावी बाही सुटली' असं लिही. वीस लढतींनंतर तुला दिसेल की बाही एकाच जागी, एकाच वेळी सुटते आहे. मग ट्यूबेवरचा पुढचा महिना त्या एका जागेसाठी.

रविवारी सकाळी सातला आमच्या आखाड्यात येत जा. दर्यापूरहून पहाटेची पहिली एसटी पकडलीस तर वेळेत पोचशील. येताना ज्युदोचं जॅकेट आण, लंगोटही आण. आधी मातीत उतरवीन, तुझा पट पाहीन. पट जिथून सुरू होतो, तिथूनच तुझी सेओई काढायची आहे. वही आणायला विसरू नकोस, पहिलं पान कोरं असलं तरी चालेल.